अंगावर राहिलेलं हरीण

अष्टमीची संध्याकाळ. बेंगळुरूतल्या चामराजपेटच्या गल्लीत कोहळ्यांच्या हातगाड्या लागल्या होत्या, रिक्षांना केळीचे खुंट बांधले जात होते, आणि खालच्या बाइंडिंगच्या दुकानात यशोवर्धन कागद कापायच्या यंत्राला तेलाचा बोळा फिरवत होता. उद्या खंडेनवमी. दरवर्षी या वेळी वरच्या घरात विमलाआत्या चुरमुरे-बत्ताशांच्या पुड्या बांधत बसलेली असायची. आज चुरमुऱ्यांचं पोतं दाराशी तसंच पडलं होतं आणि सगळं घर एका मोबाइलभोवती गोळा होत होतं.

मोबाइल यशोवर्धनच्या मुलीचा, भूमिकाचा. समोर वेताच्या खुर्चीत अप्पा, म्हणजे भगवंतराव, तिचे आजोबा. त्र्याऐंशी वर्षांचे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाल्यापासून ते समोरच्याकडे तिरकं बघत. कुणी विचारलं तर म्हणत, "मधलं जग गेलं, कडा राहिल्यात." त्यामुळे पडद्यावर जे दिसेल ते भूमिकानं त्यांना सांगायचं, असं ठरलं होतं. सात महिन्यांची मुग्धा तिच्या मांडीवर दूध पिता पिता झोपली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब अडकला होता. तो पुसायला भूमिकाला हात मोकळा नव्हता.

"किती वाजले?" अप्पांनी विचारलं.

"पावणेसहा. तिकडे सकाळचे सव्वासात. अण्णाचा फोन येईलच."

अण्णा म्हणजे रणजीत, तिचा थोरला भाऊ. पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी टेक्सासला गेलेला.

"उजाडलं असेल," अप्पा म्हणाले. "वारा कुठला आहे, ते पहिलं विचार."

जिन्यावर चपला वाजल्या. यशोवर्धन वर आला, हाताला तेल तसंच. आत न येता तो दारातच टेकला. "झाला का सुरू तमाशा? साडेतीनशे डॉलर! तीस हजार रुपये, एका मादीला!"

"तुझ्या खिशातले गेलेत काय रे?" आत्या कडाडली. ती त्याची बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. यशोवर्धनची बायको गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं, आणि जीभही. "पोराचे आहेत. पोरगा करतोय आजोबासाठी."

"पोरगा दोन वर्षं हेच करतोय, अक्का. शनिवार-रविवार गाडी घेऊन माळरानं धुंडाळतोय. बायको कंटाळून गेली त्याची."

हे मात्र खरं होतं. टेक्सासात आपलंच चितळ मोकाट फिरतं, कुण्या काळी कुणी हौसेनं नेऊन सोडलेलं, आणि तिथे ते परवान्यानं मारता येतं, हे कळल्या दिवसापासून रणजीतला चैन नव्हतं. आधी त्यानं मोठी कुरणं बघितली. हजार-हजार एकरांची, वाटाड्या देणारी. त्यांचा भाव शिंगाच्या इंचांवर. तीन हजार, चार हजार डॉलर. मग सरकारी जंगलाच्या सोडतीत दोनदा नाव घातलं, दोन्ही वेळा लागलं नाही. शेवटी शाळेची बस चालवून निवृत्त झालेला एक म्हातारा भेटला. एका सकाळपुरतं रान देणारा, वर स्वतःची रायफलही वापरायला देणारा. नर परवडत नव्हता, मादी साडेतीनशेला. रणजीतनं आनंदानं फोन केला तेव्हा अप्पांनी एकच विचारलं होतं, "रान किती आहे?"

"चाळीस एकर, अप्पा."

"चाळीस एकर म्हणजे चितळाच्या चार उड्या."

"परवडणारं एवढंच आहे, अप्पा."

"सरी, ठीक आहे," अप्पा म्हणाले होते. त्यावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

भूमिकाचा नवरा शुभंकर कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. पुण्याचा, कंपनीच्या नोकरीसाठी बेंगळुरूत आलेला. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरवाडीची ही प्रथा त्याला उलगडली नव्हती. तो हळूच म्हणाला, "आत्या, रागावू नका, पण मला बेसिकच प्रश्न आहे. अप्पा पूजेला का बसत नाहीत? लास्ट इयरही बाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसले होते. मला वाटलं, गुडघे दुखतात."

आत्यानं एकदा अप्पांकडे बघितलं. त्यांनी हात हलवला, सांग म्हणून.

"ह्या घराण्यात शिकारीचा नियम आहे, जावईबापू. जनावर पडलं की गोळी घालणाऱ्यानं स्वतः जायचं. गुडघे टेकायचे आणि ओंजळीनं त्याच्या तोंडात पाणी घालायचं. आपलं माणूस जाताना घालतो ना, तस्संच. तोवर कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. आणि जखमी जनावर निसटलं, सापडलं नाही, तर ते अंगावर राहिलं म्हणायचं. मग त्यानं, नाही तर त्याच्या मुलानातवानं, दुसरं जनावर एका गोळीत पाडून, त्याला पाणी देऊन ते उतरवायचं. उतरेपर्यंत खंडेनवमीला बंदुकीला हात लावायचा नाही. उंबऱ्याबाहेर बसायचं."

"मग उतरवलं का नाही?"

"कायदा आला की! शिकार बंद."

शुभंकरला स्वतःला आवरलं नाही. "म्हणजे फेडायचं ते काउंटरच बंद झालं."

अप्पा एकदम हसले. खोकला लागेपर्यंत हसले. "बरोब्बर बोललास. चोपन्न वर्षं झाली, काउंटर बंद."

"पण नंतरही लोक चोरून—"

"चोरून मारायचं, तर पाणी कुठल्या तोंडानं द्यायचं?" अप्पा म्हणाले. हसू ओसरलं होतं.

दारातून यशोवर्धन म्हणाला, "कुठलं जनावर ते नाही सांगितलंस, अक्का. सांग की. जावयाला कळू दे."

"यशा, आज नको."

"कोळ्ळेगाळच्या रानात ह्यांनी चितळ जखमी केलं. माग काढत होते, तेवढ्यात सायकलवरून माणूस आला. बायको अडलीय, मूल आडवं आलंय, लगेच निघा. हे निघाले. जनावर तसंच राहिलं." तो हाताचं तेल फडक्याला पुसत राहिला. "ते आडवं आलेलं मूल म्हणजे मी. दर खंडेनवमीला हे जिन्यात जाऊन बसतात आणि मी आत पूजा करतो. चोपन्न वर्षांचा झालो, पण एकदा तरी म्हणालेत का, की त्या रात्री आलो ते बरं केलं?"

अप्पांची मान तिरकी झाली. मुलगा नजरेच्या कडेत यावा म्हणून. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही असेल. पण तेवढ्यात फोन वाजला.

*

पडद्यावर आधी नुसतं गवत. मग रणजीतचा हात, मग त्याची दाढी. त्यानं फोन छातीवरच्या पट्ट्यात अडकवला आणि इअरफोनचं एक बोंड कानात घातलं.

"अप्पा, ऐकू येतंय?" आवाज अगदी बारीक.

"वारा?"

"माझ्या तोंडावर."

"छान. बोलू नकोस आता."

भूमिका सांगू लागली. बुटकी झाडं. पिवळट गवत. समोर तारेचं कुंपण, त्यावर पाटी. कुंपणाच्या अलीकडे मोकळी जागा. दहा मिनिटं काहीच नाही. आत्यानं दिवा लावला आणि ती परत येऊन जमिनीवर बसली. यशोवर्धन दारातून आत कधी आला, कुणालाच कळलं नाही.

"आलं," भूमिका कुजबुजली. "अप्पा, एक आलं. मादी आहे. झाडाखालून बाहेर येतेय."

"ठिपके दिसतात?"

"दिसतात."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. ज्याला दिसत नाही त्यानं डोळे कशाला मिटावेत? पण त्यांनी मिटले, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू वळला. त्यात काहीतरी धरल्यासारखा. "आडवी उभी राहू दे. पुढच्या पायामागं, चार बोटं वर. श्वास अर्धा सोड. अर्धा धर. घाई नको रे, बाळा."

फोनमधून आवाज आला तो असा, जणू कुणी पलीकडच्या खोलीत पेटी बंद केली. मुग्धा जागीसुद्धा झाली नाही.

"लागली!" आत्या म्हणाली.

"कशी लागली?" अप्पांनी विचारलं. "भूमी, तिनं काय केलं? उंच उडी मारली? मागचे पाय झाडले?"

भूमिकाला ते ओळखता येत होतं. लहानपणी, आई दुकानात असे तेव्हा, अप्पांनी तिला झोपवताना ह्याच गोष्टी सांगितल्या होत्या. फुप्फुसात लागलेलं हरीण कसं उसळतं, पोटात लागलेलं कसं करतं. रणजीतला कधी ऐकायच्या नसत. त्याला क्रिकेट असे.

"पाठ वाकवली, अप्पा," ती म्हणाली. "कमानीसारखी. आणि चालत गेली. कुंपणापाशी जाऊन गवतात बसली."

अप्पांचा चेहरा हलला नाही. त्यांनी फोनच्या दिशेनं तोंड नेलं. "रणजीत, ऐक. बसून राहा. ती बसलीय ना, बसू दे. दोन तास, तीन तास. ती तुला बघता कामा नये. जिथे बसलीय तिथेच ती—रणजीत? ऐकतोस?"

पडद्यावर गवत वरखाली होऊ लागलं.

"अप्पा, तो उठला," भूमिका म्हणाली. "पळतोय. कानातलं पडलं वाटतं. अण्णा! अण्णा, थांब!"

"त्याच्या हातात काय आहे?"

भूमिकाला दिसत होतं. बंदूक त्यानं झाडाशी ठेवली होती. हातात पाण्याची बाटली होती, झाकण काढलेली. घराण्यात लहानथोरांना पाठ असलेला तो एक नियम रणजीतला ठाऊक होता, आणि जनावर पडलेलं दिसताच तो नियम पाळायला तो जीव खाऊन धावत सुटला होता. मेलेलं आणि बसलेलं यातला फरक त्यानं अप्पांकडून कधी ऐकलाच नव्हता.

"पाणी," ती म्हणाली. "पाणी आहे."

"अय्यो, देवा," आत्या म्हणाली.

मादी उठली. एवढं लागलेलं जनावर कसं उठेल असं वाटावं, तशी उठली. एका उडीत तारेपलीकडे गेली आणि झाडीत शिरली. मग पडद्यावर नुसती तार होती आणि रणजीतचा धापा टाकण्याचा आवाज.

*

तो पहिला अर्धा तास कसा गेला ते भूमिकाला नंतर नीट आठवेना. मुग्धा उठली, रडली. शुभंकर तिला घेऊन जिन्यात फेऱ्या घालू लागला. रणजीतनं शेजारच्या जमिनीच्या मालकाला फोन लावला, पुन्हा लावला, तो उचलेना. बसवाला म्हातारा आला, टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. त्याचं म्हणणं एकच: शेजारी हो म्हणत नाही तोवर तारेपलीकडे पाय टाकायचा नाही, मागे एकाला त्यानं तुरुंग दाखवला होता. मोठ्या कुरणात असता तर जनावर दोन मैल गेलं तरी मालकाच्याच हद्दीत राहिलं असतं. इथे चार उड्या संपल्या होत्या.

"अप्पा," रणजीत रडवेला झाला होता, "मी उडी मारतो. बंदूक इथेच ठेवतो. दोन मिनिटांत शोधून पाणी देऊन येतो."

"मार की!" आत्या म्हणाली. "कोण बघतंय तिथे रानात?"

"अक्का, वेड लागलंय काय तुला?" यशोवर्धन पुढे आला. इतकी वर्षं ज्या गोष्टीला तो तमाशा म्हणत आला होता, तिच्यापुढे तो आता गुडघ्यांवर बसला होता. "रणजीत, हलायचं नाही तिथून. ऐकतोस?"

"बाबा, मीच उठवली तिला. बसलेली होती. मी धावलो नसतो तर..."

"पकडलं तर काय होईल?" अप्पांनी विचारलं. शांतपणे, पिकाचा भाव विचारावा तसं.

"व्हिसा जाईल, अप्पा. बहुतेक."

"मग नाही."

"पण अप्पा, तुमचं—"

"नाही म्हटलं ना! कुंपणाला हात लावायचा नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तारेखाली रक्त आहे का बघ. भूमीला दाखव."

रणजीतनं फोन काढून तारेजवळ नेला. गवताच्या पात्यांवर ते दिसलं. काळपट. हिरवी झाक, त्यात चघळलेल्या चाऱ्याचे तंतू. भूमिकाला वास येणं शक्य नव्हतं, तरी तिनं नाकाला पदर लावला. म्हणजे पोटात. म्हणजे ती मादी आत्ता चालत असेल, बसत असेल, परत उठत असेल. आणि दिवसभर तहानेनं...

"कसं आहे?" अप्पांनी विचारलं.

तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या मनगटावर अप्पांचा हात पडला. हाडांचा, थंडगार. त्यांनी ते घट्ट दाबलं.

"काळपट हिरवं आहे, अप्पा," तिकडून रणजीतच म्हणाला. "म्हणजे काय?"

"हिरवं?" अप्पा म्हणाले. "अरे, मग उत्तम की! काळजाला लागून गेली गोळी. असं जनावर उठतं ते एकदाच उठतं. जीव गेलेला असतो, पाय तेवढे धावतात. शंभर पावलांत पडली असणार. पडली काय, गेलीसुद्धा."

तिकडे काही क्षण नुसता वारा.

"खरंच, अप्पा?"

"पन्नास-साठ जनावरं पाडलीत मी. मला शिकवतोस?" त्यांनी हसण्यासारखा आवाज काढला. "एका गोळीत पडली. आता तारेखाली, ते रक्त आहे तिथे, पाणी सोड. तिच्यापर्यंत पोचतं ते. सोड. मी ऐकतोय."

बाटलीतून पाणी पडल्याचा आवाज बेंगळुरूत, दिव्याशेजारी, सगळ्यांनी ऐकला. आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

"झालं," अप्पा म्हणाले. "उतरलं. माझंही आणि तुझंही काही राहिलं नाही. जा आता घरी, काहीतरी खा."

फोन बंद झाला. भूमिकाच्या मनगटावरचा हात तसाच होता. यशोवर्धन वडिलांच्या पायांशी बसला होता. काय करावं ते न कळून त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पन्नाशी उलटलेला, कानांमागे केस पांढरे झालेला माणूस. अप्पांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं.

"यशा, त्या रात्री मी आलो ते बरं केलं," ते म्हणाले. "तू निळा पडला होतास. सुईण म्हणाली, रडत नाही. तुझ्या आईनं तुला माझ्या हातात दिलं आणि तू रडलास. रानात थांबलो असतो तर ते ऐकायला मुकलो असतो. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं रे."

यशोवर्धन लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. तिकडे भांडी उगाचच वाजली.

*

जेवणं झाली. अप्पांना गोळ्या द्यायला भूमिका त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. तिनं दार लोटलं.

"अप्पा, पोटात लागली होती."

"पाठ वाकवली म्हणालीस तेव्हाच कळलं मला." त्यांनी गोळी घेतली, पाणी घोटभरच प्यायले. "दिवस काढेल बिचारी. पाण्याच्या वासानं जाईल जिथे जाईल तिथे."

"मग तुम्ही त्याला का—"

"तो अजून बाप व्हायचाय, भूमी. माझ्या अंगावरचं जनावर यशाच्या जन्माला चिकटलं. त्याचा काय दोष होता? चोपन्न वर्षं पोराला वाटत राहिलं, आपण आलो म्हणून बापाचं राहिलं. रणजीतच्या पोराला तसं वाटायला नको. रणजीतला कधी सांगू नकोस."

"आणि तुमचं?"

"माझं काय? एक होतं, दोन झाली. एवढ्या वर्षांत पाठीला सवय झालीय." ते तिरकं, तिच्या खांद्याकडे बघत हसले. मग हसू हळूहळू गेलं. काहीतरी त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. "उद्या पूजा."

"हो."

"रणजीत बघणार फोनवर?"

"बघणारच. म्हणाला, तिकडे मध्यरात्र झाली तरी जागा राहतो. तुम्ही आत बसलेले बघायचंय त्याला."

अप्पांनी पेला चाचपत कडेला ठेवला. खाली गल्लीत कुणी रिक्षाचा भोंगा वाजवून बघत होतं.

"म्हणजे बसावं लागणार," ते म्हणाले.

*

पहाटे पाचला मुग्धा उठली. तिला छातीशी घेऊन भूमिका खिडकीत बसली आणि एका हातानं तिनं फोन उघडला. रणजीतचा निरोप होता, नुकताच आलेला. तिकडे संध्याकाळ होत होती.

"भूमी, शेजाऱ्याचा आत्ता फोन आला. कामावरून घरी आल्यावर त्याला सापडली, त्याच्या गुरांच्या हौदापाशी. मैलभर गेली होती. जिवंत होती. अकरा तास. तोंड हौदाच्या काठाला टेकलेलं, पण मान उचलता येत नव्हती. त्यानं संपवली. मी येऊ का, पाणी तरी देतो म्हटलं, तर म्हणाला, अशी शिकार करणाऱ्याला माझं फाटक उघडणार नाही. बरोबरच आहे त्याचं.

"हिरवं म्हणजे पोट, हे इथल्या परवान्याच्या शिकवणीत दाखवतात. मला माहीत होतं, तरी अप्पांच्या तोंडून ऐकावं म्हणून विचारलं. अप्पांना मात्र वाटलं, मला माहीत नाही. इतक्या प्रेमानं खोटं बोलले ते, की मी खरं मानल्यासारखं केलं. मी सुटलो असं त्यांना वाटतंय ना, वाटू दे. एवढं तरी त्यांना मिळू दे. त्यांना कधी सांगू नकोस. तुला शपथ आहे."

तिनं ते दोनदा वाचलं. मुग्धा दूध प्यायची थांबून तिच्याकडे बघत होती. भूमिकाच्या गालावरून काहीतरी ओघळून तिच्या कपाळावर पडलं तेव्हा ती दचकली, मग हसली.

*

साडेदहाला पूजा मांडली. चौरंगावर तांबडं कापड, त्यावर दुनाळी बंदूक, एक जुनी तलवार, यशोवर्धनची कातर, आत्याची विळी आणि शुभंकरचा लॅपटॉपसुद्धा. झेंडूच्या माळा. बाहेर गल्लीत कोहळे फुटत होते.

यशोवर्धन जिन्यातल्या खुर्चीपासून अप्पांना हाताला धरून घेऊन आला. दाढी केलेली, फेटा बांधलेला. तो फेटा भूमिकानं आजवर फक्त फोटोत बघितला होता. उंबऱ्याशी ते थांबले. पायानं त्यांनी उंबरा चाचपला. मग आत आले आणि पाटावर बसले. आत्यानं तोंडावर हात घेतला. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. एक म्हणाली, "अज्जा आत बसले! भाग्य बघा की."

"अण्णा, दिसतंय?" भूमिकानं फोन समोर धरला होता.

"दिसतंय," रणजीत म्हणाला. तो हसत होता. डोळे लाल होते. "अप्पा, फेटा एकदम झकास!"

"झोप जाऊन," अप्पा म्हणाले. "उद्या कामावर जायचंय तुला."

"बघू दे की, अप्पा. आधी पूजा."

पूजा झाली. हळद वाहिली, फूल वाहिलं. शेवटी बंदुकीला कुंकवाचं बोट लावून नळीवरून हात फिरवायचा, तो मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. यशोवर्धननं कुंकवाची वाटी पुढे केली. अप्पांनी बोट बुडवलं, हात बंदुकीवर नेला. सगळे बघत होते. तिकडे रणजीत पडद्याला अगदी जवळ आला होता.

हात खाली येत गेला आणि जवाएवढ्या अंतरावर थांबला. बोटांवरचं कुंकू आपोआप नळीवर सांडलं. मग तो हात नळीच्या वरून, नळीच्या लांबीनं, हलकेच सरकत गेला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, न टेकता. समोरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा जुन्या बंदुकीला कुरवाळतोय. भूमिका बाजूला बसली होती. तिला हात आणि लोखंड यांच्यामधून पलीकडचं तांबडं कापड दिसत होतं.

"लावला ना हात, अप्पा?" रणजीतनं विचारलं.

"लावला रे," अप्पा म्हणाले.

भूमिकानं फोन किंचित वर केला. पडद्यावर आता फक्त अप्पांचा चेहरा आणि फेटा राहिला.

"बघ," ती भावाला म्हणाली, "किती छान दिसतायत."